ओठांवरची नीळ

कोल्डवॉटर गिरणी, नॉर्थ कॅरोलिना
११ मार्च १९०६

ऑरिन,

पेटी पोचली. एकही बाटली फुटली नाही. पण झाकण काढलं आणि माझं डोकंच फिरलं. बाटलीवर आई! आपली आई, रविवारची टोपी घातलेली, आणि खाली सोनेरी अक्षरांत "हॉबगुड टॉनिक, आईच्या हातचं". अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची होतीस!

आईनं जन्मात कधी काढा विकला नाही. ससाफ्रासची मुळं, रानचेरीची साल, आलं, काकवी. दिवसभर चुलीपाशी उभी राहून उकळायची आणि खोऱ्यातलं जो कुणी खोकत दारात येईल त्याला बरणी भरून द्यायची. कुणी बदल्यात अंडी आणली तर त्यांचाच केक करून त्याच्याच पोरांना खायला घालायची. आणि तू अटलांटात औषधाचं दुकान काय काढलंस, मेलेल्या आईला उचलून दुकानाच्या दारात उभी केलीस.

इथे गिरणीत तुझं टॉनिक डोपगाडीवर आलंय. इथे कुठल्याही सोड्याला डोपच म्हणतात, विसरला नसशील. गाडी सकाळी आणि दुपारी मागांच्या रांगांतून फिरते. मुली एका हातानं तुटलेला धागा जोडतात आणि दुसऱ्या हातानं बाटली तोंडाला लावतात. माग थांबवायची सोय नाही ना! त्यांच्या हाती पडलेली ही आईची बरणी.

आता एक खरं सांगते, सांगितलं नाही तर तुझी भाची सांगेल. लूएला गेल्या वर्षापासून मागांवर आहे. त्या खडखडाटानं रोज संध्याकाळी तिचं कपाळ फुटायची वेळ येते. तुझी बाटली दिली आणि जेवणं व्हायच्या आत पोरगी गाणं म्हणत भांडी घासत होती. तेवढ्यापुरते आभार. आईचं चित्र मात्र काढ.

ड्रूसिला

मामा, आईचं मनावर घेऊ नकोस, ती सगळ्यांनाच असं लिहिते, पाद्रीबाबांनासुद्धा. टॉनिक फक्कड आहे! सोबत माझा फोटो पाठवतेय. फिरता फोटोवाला आला होता. म्हणाला, ओठ दाबून बसू नकोस, हास. मग हसले. फोटोत रंग उतरत नाहीत हे एक बरं. नाहीतर डेनिमच्या निळीनं आम्ही सगळ्या निळ्या कोंबड्या दिसलो असतो.
तुझी लूएला


अटलांटा
२० मार्च १९०६

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, तू समोर लाटणं घेऊन उभी आहेस. बरं वाटलं. इथे माझ्यावर कुणी ओरडत नाही, सगळे "मिस्टर हॉबगुड, मिस्टर हॉबगुड" करतात.

आईचा अपमान कसला गं? आज टेक्ससपर्यंत लोक तिचं तोंड ओळखतात. तिच्या काढ्याला चव होती, ताकद नव्हती, एवढंच. मी ताकद घातली. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातलं कोकाचं पान थकवा घालवायला. आफ्रिकेतला कोलाचा दाणा जागं ठेवायला. आणि डोकेदुखीसाठी जर्मन लोकांनी डांबरापासून काढलेली एक पांढरी पूड. तिचं नाव मोठं आहे, अॅसेटॅनिलाइड. तुला लक्षात ठेवायचं कारण नाही. पानातलं ते बदनाम औषध, कोकेन, आम्ही आता धुऊन काढतो. बहुतेक सगळं.

आणि औषध सोड्यात कशाला, असं विचारू नकोस. सोड्याचा जन्मच औषधाच्या दुकानात झालाय. माझ्यासारखे सगळे औषधवाले आधी कडू काढे बाटलीत भरायचे आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मग कुणाला तरी सुचलं, साखर घाला, बुडबुडे सोडा. आता तेच गिऱ्हाईक बायकोला घेऊन येतं आणि स्टुलावर बसून चमच्यानं ग्लास वाजवतं. आजारी नसलेलासुद्धा पितो, यातच तर सगळी गंमत आहे.

लूएलाचा फोटो टेबलावर ठेवलाय. लेबलं छापणारा आला होता, म्हणाला, ही कोण हो? काय हसते! मी म्हटलं, माझी भाची आहे, हात लावू नका.

अजून एक पेटी पाठवतोय. पोरीला पोटभर पिऊ दे.

तुझा ऑरिन


कोल्डवॉटर
६ मे १९०६

ऑरिन,

चित्राबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. पानं, दाणे, जर्मन, सगळं सांगितलंस. लहानपणीही असाच होतास. खिडकीची काच कुणी फोडली विचारलं की कोंबड्यांच्या गोष्टी सांगायचास.

लूएलाचं काय करू ते सांग. तुझं टॉनिक घेतलं की दुखणं जातं आणि उतरलं की पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन येतं. सकाळी गाडीवरची बाटली, दुपारी गाडीवरची बाटली आणि घरी आल्या आल्या बूट काढायच्या आधी माझ्याकडे हात पसरते. नाही म्हटलं की डोळे असे वटारते की ही माझीच पोर का, असं वाटतं. परवा रश्शाचं भांडं भिंतीवर मारलं. माझ्याकडे राहणारे कामकरी बिचारे बिस्किटं हातात धरून अंगणात पळाले. मग रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून माफी मागितली. झोप तर नाहीच.

आणि ती नीळ! आमच्याकडे सगळेच निळे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. रंगखात्यातल्या लोकांचे हात कोपरापर्यंत निळे, माझ्या घरातली एक उशी पांढरी नाही. पण लूएलाचे ओठ सगळ्यांहून जास्त निळे पडलेत. गिरणीच्या डॉक्टरला दाखवलं. मान वर न करता म्हणाला, मुलगी तोंडानं श्वास घेते, नीळ ओठांवर बसते, नीट धुवत जा. म्हणून मी रोज डुकराची चरबी लावते आणि मग साबणानं घासते. किंचाळते. ओठांची सालं निघाली पण रंग हटत नाही. मागावरच्या मुली तिला "ब्लूबेरी" म्हणतात.

तुझी दुसरी पेटी संपत आली. तिसरी लवकर पाठव, नाहीतर ही मला कच्ची खाईल.

ड्रूसिला


अटलांटा
१० मे १९०६

ताई,

तुझं पत्र आताच मिळालं, टपाल निघायच्या आत लिहितोय.

पेटी पाठवत नाही. उन्हाळ्यात पाक आंबतो. गाडीवरचं टॉनिकही तिला काही दिवस देऊ नकोस, उन्हामुळेच. तिला पाणी भरपूर दे, बाहेर हवेत बसव. जमलं तर कामावरून काढ आणि माझ्याकडे पाठव, इथे माझ्या ओळखीचा माणूस तिला बघेल.

तिची नखं कशी आहेत? सहज विचारतो.

दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे जाऊ नकोस. गिरणीचा आहे तो ठीक आहे. बाहेरचे लोक उगाच भलतंसलतं डोक्यात भरवतात.

ऑरिन


कोल्डवॉटर
२९ जुलै १९०६

ऑरिन,

हे पत्र उभ्यानं वाच. तू खुर्चीत आरामात बसून वाचावंस अशी माझी इच्छा नाही.

यंदा पाऊस नाही, नदी आटली. पाण्याचं चाक थांबलं आणि गिरणी बंद पडली. लोकांना सुट्टी मिळाली. सगळं गाव नदीच्या डबक्यात जाऊन बसलं, घासून घासून आंघोळी केल्या. एकेक माणूस धुऊन निघालं रे! रंगखात्यातला वेस्ली, ज्याचे हात मी दहा वर्षांत कधी माणसाच्या रंगाचे पाहिले नव्हते, तोसुद्धा गुलाबी झाला. मुली एकमेकींच्या नाकातली नीळ काढून हसत होत्या. माझ्या घरातल्या उशा पहिल्यांदा पांढऱ्या राहिल्या.

लूएलाची उशीही पांढरी होती, आणि तिच्यावर लूएलाचे निळे ओठ.

मी तिचा खालचा ओठ उलटा करून पाहिला. आतून निळा. जीभ निळी. नखांच्या मुळाशी निळं. आतून येणारा रंग मी साबणानं घासत बसले होते! ओठ सोलून काढले मी माझ्या लेकीचे! आणि गिरणीतल्या त्या गाढवानंही हेच करायला सांगितलं, कारण इथे सगळेच निळे. निळ्या गावात एक पोरगी मरणानं निळी पडत होती आणि आम्ही तिला ब्लूबेरी म्हणून हसत होतो.

तेव्हा तुझं पत्र आठवलं. "नखं कशी आहेत? सहज विचारतो." सहज? मी नखांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तुला नखं कुठून सुचली रे?

मग तिला गाडीत घालून सॉल्झबरीला बाहेरच्या डॉक्टरकडे नेलं. तू नको म्हणाला होतास म्हणूनच नेलं. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, डोकेदुखीवर काय घेता? मी तुझी बाटली पुढे केली. आईच्या चित्राकडे बघून तो म्हणाला, अशा बऱ्याच पाहिल्यात. ती डांबरातली पूड रक्त नासवते, हृदय दमवते, आणि सुटत नाही. हे औषधवाल्यांना चांगलं माहीत असतं.

तुला माहीत होतं. मे महिन्यात तुला माहीत होतं! ताई, ती पूड विष आहे, देऊ नकोस, एवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर तुझं काय जात होतं? तू लिहिलंस, पाक आंबतो. मी म्हटलं, पाक आंबतो तर गाडीवरचा ताजा घेऊ दे. आणि घेऊ दिला. मी, तिची आई.

आता बंद केलंय. घरातल्या सगळ्या बाटल्या मी विहिरीच्या कट्ट्यावर फोडल्या. तेव्हा लूएला धावत आली आणि मला ढकलून खाली बसून फरशीवरचं ओंजळीत घ्यायला लागली. काचांसकट. तिचे हात धरताना माझेही कापले. हे तुझं आईच्या हातचं.

गिरणी सुरू होईल तेव्हा गाडीही फिरेल आणि ही चोरून घेईल, मला ठाऊक आहे. तिला घरी ठेवलं तर गिरणीचं घर जातं, घरातलं कुणीतरी गिरणीत कामाला हवंच, इथला नियम तुला माहीत आहे. म्हणून तुला सांगते, विनवत नाही. पूड काढ. नसेल काढायची तर बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिही की यात काय आहे आणि त्यानं काय होतं. आणि आईचं तोंड त्यावरून आजच्या आज उतरव. नाहीतर मी औषधं तपासणाऱ्या सरकारी रसायनवाल्याला लिहीन, वर्तमानपत्राला लिहीन, चर्चच्या पायरीवर उभी राहून बोंबलेन.

ड्रूसिला


अटलांटा
७ ऑगस्ट १९०६

ताई,

तुझं बोलणं झालं असेल तर माझं ऐक.

मी विष विकत नाही. ती पूड देशातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते, डॉक्टर स्वतः लिहून देतात. हजारो लोक घेतात आणि धडधाकट फिरतात. एखाद्याची प्रकृतीच नाजूक असली तर त्याला दूधही बाधतं. लूएला पहिल्यापासून नाजूक. तिला मागांच्या खडखडाटात तू घातलीस, मी नाही. तिचं डोकं माझ्या बाटलीनं दुखायला लागलं नव्हतं, हे तूच लिहिलं होतंस.

आणि तुम्ही लोक मला काय समजता? मीही त्याच खोऱ्यातून अनवाणी आलोय. आई काढा फुकट वाटत होती म्हणून आपण हिवाळ्यात एका ब्लँकेटमध्ये तिघं झोपत होतो. तो तिचा मोठेपणा तुला आठवतो, मला थंडी आठवते. आज माझ्याकडे चाळीस घरं पोसली जातात.

मे महिन्यात मी घाबरलो होतो. बस, एवढं कबूल करतो. कागदावर लिहिलेलं उद्या कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

वॉशिंग्टनला कायदा झालाय. जानेवारीपासून आत काय आहे ते बाटलीवर छापावंच लागेल. मी छापणार आहे. पुडीचं प्रमाणही कमी करेन, हळूहळू, एकदम केलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. आईचं चित्रही काढतो, तुझ्या मनासारखं होऊ दे. तोपर्यंत कुठे लिहू नकोस. तू माझी सख्खी बहीण आहेस. तू बोललीस तर लोक खरं मानतील.

लूएलाला माझे आशीर्वाद.

ऑरिन


अटलांटा
३ डिसेंबर १९०६

प्रिय ताई,

चार महिने तुझं पत्र नाही. आधी काळजी वाटली, मग म्हटलं, ताईचा राग असाच असतो, भांड्यावर काढून संपवते आणि मग गप्प होते. वर्तमानपत्रातही काही आलं नाही. तू माझं ऐकलंस. हे मी विसरणार नाही.

मीही शब्द पाळलाय. कायद्याप्रमाणे सगळं छापलंय, मागच्या बाजूला, अक्षर जरा बारीक आहे पण आहे. पूड थोडी कमी केली. आणि आईला उतरवलं. पण बाटली बिनचेहऱ्याची कशी ठेवणार? लोकांना घरचं माणूस लागतं. छापणाऱ्याची नजर त्या टेबलावरच्या फोटोवर पहिल्यापासून होतीच. तर बघ, पेटी उघड आणि बघ!

लूएला! काय सुंदर उतरलीय! फोटोत ओठ काळे आले होते, चित्रकारानं ते लालचुटूक केलेत, गालांवरही गुलाबी टाकलंय. तिला दाखव, लाजेल. म्हणावं, मामानं तुला टेक्ससपर्यंत पोचवलं. तुमच्या डोपगाडीवरही याच बाटल्या येतील, नाताळच्या आधीच.

तुला आवडेल याची खात्री आहे.

तुझा ऑरिन


कोल्डवॉटर
१९ डिसेंबर १९०६

ऑरिन,

लूएला ऑक्टोबरमध्ये गेली. मागापाशी उभी होती, धागा जोडायला वाकली आणि तशीच कापडावर पडली. माग चालूच होता. शेजारच्या मुलीनं पट्टा ओढून थांबवला. उचलली तेव्हा तिच्या एप्रनच्या खिशात तुझी बाटली होती, आईच्या चित्राची. गिरणीच्या डॉक्टरनं लिहिलं, हृदय कमजोर.

तुला कळवलं नाही. कशाला कळवू? तू काळी टाय लावून आला असतास, खड्ड्यापाशी रुमाल काढला असतास आणि मला तो बघावा लागला असता. कुणाला काही लिहिलंही नाही, कारण मला उठून उभंच राहता येत नव्हतं. त्याला तू समजलास, ताईनं ऐकलं. माझी पोर गेली म्हणून मी गप्प होते, गाढवा, तुला माफ केलं म्हणून नाही!

पेटी शनिवारी आली. ती मी उघडली नाही. उघडायच्या आधीच मला कळलं होतं. दुपारी गाडीवाला म्हातारा अॅम्ब्रोस माझ्या दारात आला, गाडीसकट. कामाच्या वेळेत गाडी गिरणीबाहेर आणली म्हणून त्याचं काम जाईल. टोपी हातात होती. म्हणाला, मिस ड्रूसिला, मला ही मागांतून फिरवता येईना. त्यानं गोणपाट बाजूला केलं आणि माझी लेक गाडीभर हसत होती. रांगेनं. बर्फात बसवलेली.

मी किंचाळले असेन. मला आठवत नाही. शेजारच्या बायका आल्या, मग पाळी सुटली आणि मागांवरच्या मुली आल्या, तिच्या बरोबरच्या. एकीनं बाटली हातात घेतली आणि म्हणाली, तिचे ओठ असे कधी होते? सगळ्यांना ते ओठ माहीत होते.

मग वेस्ली पुढे आला. रंगखात्यातून तसाच आला होता, हात निळीनं ओले. त्यानं मला काही विचारलं नाही. गाडीवरची पहिली बाटली उचलली, अंगठा तिच्या ओठांवर टेकवला आणि दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा ती लूएला होती. मला माझी पोर दिसली.

त्या संध्याकाळी गाडीवरची एकही बाटली सुटली नाही. मग तुझी पेटी फोडली. मग सगळे गिरणीच्या दुकानात गेले आणि फळीवरच्या निळ्या केल्या. दुकानदार आरडाओरडा करत होता, पण त्याचीही एक पोर मागांवर आहे, थोड्या वेळानं त्यानंच मागच्या खोलीची किल्ली काढून दिली. सोमवारी नदीपलीकडच्या गिरणीतले लोक बाटल्या घेऊन वेस्लीकडे आले. आता कुणालाही विचारलं की ओठ निळे का, तर तो सांगतो का. तू मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंस, आम्ही पुढच्या बाजूला लिहिलं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

मी रसायनवाल्याला लिहिलंय. सोबत तुझं मे महिन्याचं पत्र जोडलंय. तू माझा सख्खा भाऊ आहेस, म्हणून तो माझं खरं मानेल. हे तूच म्हणाला होतास.

सगळ्या बाटल्या रेल्वेनं तुझ्याकडे परत येतायत, भरलेल्या. अॅम्ब्रोसनं स्वतः पेंढा भरून बांधल्यात. तुझ्या माणसांना धुवायला बसव. गरम पाणी घे, साबण घे, चरबी लाव, जोर लावून घास. तुझ्या बाटल्या धुतल्या जाईपर्यंत तिचं तोंड बघत बस.

मी वसंतभर घासलं होतं, ऑरिन. तो रंग जात नाही.

लूएलाची आई